कमरेएवढ्या उंचीवर

पाथरवट सांगितलेल्या वेळेच्या आधी आला आणि पहिला घोटाळा तिथंच झाला. या घरातलं कुठलंही काम वेळेवर सुरू झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मग वेळेआधी आलेल्या माणसाचं करायचं काय, हे कुणाला ठाऊक असणार? घरातले थोरले म्हणजे वकील; त्यांच्या बायकोनं, सगळ्यांच्या वहिनींनी, त्याला चहा दिला. चहा संपला तरी आतली भांडणं संपेनात, म्हणून दुसरा दिला.

बागेच्या तोंडाशी दगड उभा होता, पुरुषभर उंचीचा. सर्वांत वर 'कलमवाले बाबा', म्हणजे वकिलांचे पणजोबा, ही अक्षरं गेल्याच आठवड्यात कोरून झाली होती आणि त्यांच्याखाली बाबांचे दोन मुलगे, 'आप्पा' आणि 'तात्या'. दगडावर नावं नाही, हाका कोरायच्या, हे एकमतानं ठरलं होतं. या घरात कागदावरच्या नावानं कुणी कुणाला ओळखत नाही. कधी तशी हाक ऐकू आलीच, तर काहीतरी बिनसलंय असं समजून चालावं. एकमत झालेली बाब तेवढी एकच. आज घराण्याच्या मेळाव्यात उरलेल्या हाका कोरायच्या होत्या आणि त्या कुणाच्या, यावरून दिवाणखान्यात आवाज चढले होते.

पाथरवटानं हत्यारांची पिशवी शेजारच्या जुन्या नासपतीच्या खोडावर टेकवली. खोडाला कमरेच्या उंचीवर एक जाडजूड फुगवटा होता, पिशव्या ठेवायला मुद्दाम केल्यासारखा.

"तिथं नको हो," धाकटा व्हरांड्यातून म्हणाला. वकिलांचा हा धाकटा भाऊ पन्नाशी उलटली तरी धाकटाच राहिला होता आणि बाग तोच पाहायचा. "तो कलमाचा सांधा आहे."

"एवढ्या वर? आमच्याकडे तर घोट्याशी बांधतात."

"सगळीकडेच घोट्याशी बांधतात. आमचे बाबा शिडीवरून पडले आणि गुडघा कायमचा ताठ झाला. खाली बसणं बंद. मग उभ्यानंच बांधायला लागले. ही अख्खी रांग पडल्यानंतरची. तिकडची बघा, पडण्याआधीची, घोट्याशी."

"आणि पोरांनी?"

"पोरांचे गुडघे धड होते. त्यांनी परत बसून बांधलं." धाकट्यानं आत कान दिला. "तुम्ही आणखी एक चहा घ्या. आज लवकर आटोपत नाही."

आत मोजणीबाई उभ्या होत्या. वकिलांची ही सख्खी बहीण, वहिनींची नणंद. सगळी नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात गेली; काट्याकुट्यांतून साखळी ओढत फिरल्या, बांधावरून एकमेकांच्या डोक्यावर काठ्या उगारणाऱ्या भावांना हद्द दाखवून आल्या. निवृत्तीनंतर बाईंनी घराण्याची वंशावळ हातात घेतली, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद असावा. नादातून निष्कर्ष निघेल, असं मात्र कुणी धरलं नव्हतं.

"वंशावळ तात्यांनी लिहिली," मोजणीबाई म्हणाल्या, "आणि छान लिहिली. अक्षर मोत्यासारखं. पण फक्त मुलगे लिहिले. मुली म्हणजे गळलेली पानं. म्हणून मी जन्माच्या नोंदी काढल्या. बाबांना पहिली मुलगी झाली होती. आप्पांच्याही आधी."

"झाली असेल," वकील म्हणाले. "लहानपणीच गेली असेल. त्या काळी काय."

"मृत्यूची नोंद नाही. डोंगरापलीकडच्या गावात लग्नाची आहे. नवरा विहिरी खणणारा, आगापिछा नसलेला. आपल्या बागेतली विहीर खणायला आला होता."

हे म्हणताना त्यांनी दाराशेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

त्या खुर्चीत आक्का बसली होती. ऐंशी ओलांडलेली, सडसडीत. खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखी, पिशवी मांडीवर, कुणी उठ म्हणालं तर उठताना पसारा नको अशा बेतानं. तिला आक्का म्हणणारी माणसं डोंगरापलीकडे होती. इथं ती 'पलीकडच्या बाई'. विहीरवाल्यांची. दर मेळाव्याला शेजारधर्म म्हणून बोलावणं जायचं आणि दर वेळी हीच खुर्ची मिळायची, पाहुण्यांची.

"म्हणजे तुझं म्हणणं," वकील बहिणीला म्हणाले, "पलीकडच्या बाईंची आजी म्हणजे आपल्या बाबांची थोरली मुलगी."

"म्हणणं नाही, मोजणी आहे. निघालो त्या खुणेवर परत आलो, की मोजणी जुळली. मी तिच्या जन्मावरून निघाले, तिच्या लग्नावर पोचले, लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव आणि आपलं गाव. परत त्याच खुणेवर."

"त्या नावाची माणसं या गावात पैशाला पासरी होती, हे तूच मला सांगितलंस. तात्यांच्या शाळेच्या पटावर तीन बाप त्याच नावाचे."

"हो. ती एक फट राहते," मोजणीबाईंनी कबूल केलं. खरं बोलायची त्यांना खोड होती. नात्यागोत्यात ती नेहमीच तोट्याची.

वकिलांनी खुर्चीत पाठ टेकली. कोर्ट सोडून वर्षं झाली होती, पण समोरच्यानं फट कबूल केली की त्यांचा चेहरा अजून तसाच उजळायचा. मनानं माणूस वाईट नव्हता. पुराव्याशिवाय त्यांनी स्वतःचा वाढदिवसही मानला नसता.

"माझा विरोध नाही," ते म्हणाले. "दगड आहे. कागद असता तर खोडता आलं असतं."

"कोरलं की कोरलं," दारातून पाथरवट म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण तीन चहांनंतर माणूस घरचाच होतो.

धाकटा व्हरांड्यातून आत आला होता. बाग त्यानं वाढवली होती. भाऊ कोर्टात आणि बहीण बांधांवर फिरत असताना थंडीत झाडं छाटणारा तो एकटा. त्याला आक्काचा राग नव्हता. तिच्या नातवंडांची भीती होती.

"आज दगडावर," तो म्हणाला, "उद्या जमिनीच्या कागदावर. मी काही बोलत नाही. आपलं फक्त सांगतो."

"बोलत नाही म्हणून सगळं बोललास की," मोजणीबाई म्हणाल्या.

"तुझं काय जातंय ताई? तुला कुठं बाग राखायचीय."

"खरंय. मला बागही राखायची नाही आणि दगडावर कोरायच्या यादीत माझं नावही नाही. माझ्याइतकं निःपक्षपाती इथं कोण मिळणार?"

हे हसण्यावारी गेलं. एकट्या वहिनी हसल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून या घरात कोण कुणाला काय बोललं, याचा सगळा जमाखर्च त्यांच्याकडे बिनचूक असायचा आणि नणंदेचं हे वाक्य त्यांनी आत्ता कुठल्या रकान्यात टाकलं, ते ऊन उतरेपर्यंत कुणाला कळणार नव्हतं.

"पलीकडच्या बाई," वकील सौजन्यानं म्हणाले, "तुमच्या आजी काही सांगायच्या का?"

आक्कानं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. या प्रश्नाला तिनं एकदा उत्तर दिलं होतं, फार पूर्वी. सात-आठ वर्षांची असेल; मामाबरोबर, ज्याच्या घरची ती पुढे सून झाली, फळं घ्यायला या बागेत आली होती. फाटकाशी खेळणाऱ्या पोरांना तिनं सांगितलं, ही माझ्या आजीच्या बापाची बाग, तो आमच्याकडे आला होता. तेवढ्यात वकिलांचे वडील तिथं आले. ते रागावलेसुद्धा नाहीत, हसले. म्हणाले, आमच्या आजोबांनी शपथ घेतली होती, त्या डोंगराकडे पाऊल टाकणार नाही म्हणून, आणि ते शब्दाचे पक्के होते. तुझी आजी थापा मारते. घरी आल्यावर तिनं आजीला ते सांगितलं. त्यानंतर आजीनं नातीला त्यातलं काहीही पुन्हा सांगितलं नाही, आणि नातीच्या जिवाला ते आजतागायत लागून होतं. आजीचा शब्द तिच्या हातून खोटा पडला होता.

"सांगायची," आक्का म्हणाली. "म्हणायची, बाप आला होता. अंगणातलं नासपतीचं झाड त्यानंच दिलं."

"बाबा? डोंगरापलीकडे?"

"आला, पण बसला नाही, म्हणायची. पाणीसुद्धा उभ्यानं प्यायला. एवढ्या लांबून आला नि राग काही सोडला नाही."

कोचावरचे चुलतभाऊ एकमेकांकडे बघून हसले. हसू वाईट नव्हतं, वडिलोपार्जित होतं.

"शपथ तर सगळ्या गावाला माहीत आहे, कशावरून घेतली ते कुणाला माहीत नसलं तरी," वकील म्हणाले.

"झाड खरं आहे, दादा," मोजणीबाईंनी नकाशा पुढे सरकवला. "विहीरवाल्यांच्या जागेची पहिली मोजणी बाबा हयात असतानाची आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात खूण लिहिलीय: नासपतीचं झाड. आणि त्या गावात दुसरीकडे कुठंही नासपती नाही. मी फिरून आलेय."

"कुणीतरी फळ खाऊन बी टाकली."

"बीपासून आपली नासपती येत नाही," धाकटा सवयीनं म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पण सुटला तो सुटला. "म्हणजे, बी लावलं तर रानटी, तुरट काहीतरी येतं. आपलं फळ फक्त कलमानं."

"मग तिथं फळ कसलं येतं?" वकिलांनी आक्काला विचारलं.

"एका गालावर तांबूस डाग असतो," आक्का म्हणाली. "तुमच्या ताटलीत आहे तसलं."

सगळे बागेतल्या फळांच्या ताटलीकडे बघायला लागले. वहिनींनी ताटली उचलून मध्ये ठेवली, हळूच; कोर्टात मुद्देमाल मांडावा तशी.

"कुणी फांदी चोरून नेली असेल," वकील म्हणाले, पण आवाजातला पूर्वीचा तोरा कमी झाला होता. "हे सगळं ऐकीव आहे. प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय मी दगडावर टाकी लावू देणार नाही."

"मग चला ना," वहिनी म्हणाल्या.

"कुठं?"

"पाहणीला. डोंगरात आता रस्ता आहे. जेवणाचे डबे भरते, तिकडेच जेवू. आक्का, तुमच्याकडे पंगत बसेल एवढं अंगण आहे ना?"

वहिनींच्या तोंडून 'आक्का' आलेलं वकिलांनी ऐकलं. साक्षीदार फुटायला सुरुवात झाली की आधी संबोधन बदलतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

तीन गाड्या निघाल्या. पाथरवटही बसला. दगड इथं आणि तो तिकडे, यात तर्क नव्हता, पण डबे तिकडे चालले होते.

डोंगरावरचा रस्ता नवा होता तरी गाड्या धापा टाकत होत्या. वळणावळणांवरून वकील खाली दरीत बघत होते. जुनी पायवाट दिसत होती, दगडांतून उभी चढत गेलेली, मध्येच गायब होणारी.

"धडधाकट माणसाचा दम निघेल," ते म्हणाले.

"हो," धाकटा म्हणाला. त्याला हायसं वाटलं. गुडघा ताठ झालेला म्हातारा ही वाट चढला, हे कुणालाही सांगून बघा. प्रकरण इथंच निकालात निघाल्यात जमा होतं.

विहीरवाल्यांचं अंगण ऐसपैस निघालं. कडेला कठड्याची विहीर, पलीकडे कपडे वाळत घातलेली दोरी आणि कोपऱ्यात ते झाड. जुनं, साल भेगाळलेली, एक मोठी फांदी टेकू देऊन जपलेली. आक्काची सून लगबगीनं बाहेर आली. एवढ्या चपला बघून तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं मानेनंच सांगितलं की घाबरण्याजोगं काही नाही, निदान अजून तरी नाही.

मोजणीबाईंनी नकाशा झाडासमोर धरला. कोपरा जुळत होता. त्यांची मोजणी इथपर्यंतच होती. झाड आहे, जुनं आहे, कोपऱ्यात आहे. ते कुणी लावलं, हे नकाशा सांगत नाही. दादा आता हेच म्हणणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

"झाड आहे हे मान्य," वकील म्हणालेच. "कुणी लावलं?"

धाकटा झाडाकडे गेला. झाड दिसलं की त्याला राहवायचं नाही. टेकू हलवून बघितला, पानं उलटून कीड बघितली, मग बुंध्याशी खाली बसला आणि सांधा शोधायला लागला. घोट्याशी माती उकरली. साल खरखरीत, रानटी. सांधा नव्हता. त्याचा हात सालीवरून वर सरकत गेला, गुडघ्यापर्यंत, आणखी वर, आणि तोही त्याबरोबर उठत गेला. पूर्ण उभा राहिला तेव्हा हात थांबला होता.

कपड्यांच्या दोरीवर एक मोठी चादर वाळत होती. तिच्याआड इतका वेळ खोडाचा मधला भाग झाकला गेला होता. धाकट्यानं चादर बाजूला सारली. कमरेच्या उंचीवर जाडजूड फुगवटा. खाली साल खरखरीत, वर गुळगुळीत.

त्यानं सांध्यावर पुन्हा हात ठेवला.

धाकट्याच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्यानं पुढे फक्त वहिनींना सांगितलं. आधी बाग आली, मग आक्काची नातवंडं, मग कागद. आणि मनात आलं, की हे मला एकट्यालाच दिसलंय. दादाला कलमातलं काही कळत नाही. चादर होती तिथं सोडून दिली की झालं. पण हात सांध्यावर होता, आणि अशा सांध्यांवर तो लहानपणापासून हात टेकत आला होता.

"दादा," तो म्हणाला, "हे बाबांचं आहे."

"कशावरून?"

"सांधा बघ कुठाय."

वकील जवळ आले. बघितलं. आणि त्यांच्यातला वकील जागा झाला. दुसरा कुणी त्या वेळी जागा होणं त्यांनाच सोसलं नसतं. "झाड वाढलं की सांधाही वर गेला असेल. लहानपणी घोट्याशी असेल."

"झाड शेंड्याकडून वाढतं. खोड जाड होतं, पण सांधा बांधला तिथंच राहतो. आपल्या फाटकाजवळचा कधी हलला का?"

"मग मुलीनं बांधलं असेल. बापाचं बघून शिकली."

आता मोजणीबाई पुढे आल्या. "लग्न होऊन ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षी बाबा शिडीवरून पडले. ती घरात होती तोवर बाबा बसूनच बांधायचे. ती शिकली असती तर घोट्याशी बांधायला शिकली असती."

"आप्पा? तात्या?"

"त्यांनी जन्मात कमरेला बांधलं नाही," धाकटा म्हणाला. "आपल्या बागेत एक दाखव, मी बाग तुझ्या नावावर करतो."

"बरं," वकील म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "बाबांनी बांधलं, मानलं. घरी बांधून रोप कुणाबरोबर तरी पाठवलं. स्वतः आले कशावरून?"

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर न देण्याची ही शेवटची संधी होती.

"दादा, घोट्याशी बांधायचं तर खाली बोटाएवढं रोप पुरतं. कमरेला बांधायला मनगटाएवढं जाड झाड आधी उभं लागतं, मातीत रुजलेलं. ते उपटून डोंगरावरून कोण आणणार? आणलं तरी जगणार नाही. खालचं रानटी झाड इथलंच आहे, बी पडून उगवलेलं. आपल्या झाडाची काडी खिशात घालून माणूस इथं आला आणि इथं उभा राहून त्यानं बांधलं. इथं, मी आहे तिथं." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि तो ताठ गुडघ्यानं आला. गुडघा धड असता तर बसून बांधलं असतं."

पाथरवटानं डब्याकडे गेलेला हात मागे घेतला.

"साक्षीदार आमचा," वकील शेवटी म्हणाले, "आणि बोलतोय त्यांच्या बाजूनं."

"बाजू कसली, दादा. झाडच बोलतंय."

वकिलांनी फुगवट्यावर हात ठेवला. वाकावं लागलं नाही. हात नुसता खाली सोडला की तिथंच यायचा. त्या पायवाटेबद्दल गाडीत स्वतःच काय म्हणालो, ते त्यांना आठवलं असावं. कारण त्यांनी डोंगराकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला, जो आधीच स्वच्छ होता.

आक्का मात्र धाकट्याकडे बघत होती. "काय म्हणालास? गुडघ्याचं?"

"ताठ होता, आक्का. वाकायचाच नाही. शेवटपर्यंत. घरी जेवायलासुद्धा उंच बाकावर बसायचे, पाय पुढे सोडून. जमिनीवर बसणं नाहीच."

"आमच्याकडे तेव्हा खुर्ची नव्हती," आक्का म्हणाली. "बाकही नव्हता. आजीनं चटई घातली होती."

ती झाडाजवळ आली. चालताना पिशवी सुनेच्या हातात देऊन टाकली, तिच्या लक्षातही आलं नाही.

"ती म्हणायची, तीनदा म्हटलं बसा, तर नाही म्हणाला. लंगडत होता, तर तिला वाटलं डोंगरानं पाय दुखले. त्यानंही सांगितलं नाही." आक्काचा आवाज चढत गेला, आणि त्यात रडू नव्हतं. "जन्मभर मनात हेच धरून बसली, आला पण राग सोडला नाही. राग नव्हताच की. बसताच येत नव्हतं त्याला."

"बाबा गुडघ्याबद्दल कुणाशीच बोलायचे नाहीत," वकील म्हणाले. "असं वडील सांगायचे."

"तुझे वडील आणखी एक सांगायचे," आक्का म्हणाली. वकिलांना वडीलकीनं 'तू' म्हणणारं आता या घराण्यात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते सावरून उभे राहिले. "म्हणाले होते, तुझी आजी थापा मारते."

वकिलांनी बाजू मांडली नाही. आयुष्यात प्रथमच, अशी वहिनींच्या हिशेबात नोंद आहे.

"चुकलं आमच्या वडिलांचं," ते म्हणाले. "आजी खरं बोलत होत्या, आक्का. मी लिहून द्यायला तयार आहे."

"लिहून नको. दगड कशासाठी उभा केलाय?"

मग मात्र अंगण एकदम हललं. चुलतभाऊ सांध्यावर हात ठेवून बघायला रांगेत उभे राहिले, सकाळी हसणारे सगळ्यांत पुढे. आक्काच्या नातवंडांना अचानक इतके काका मिळाले की कुठला कोणता हे कळेना. त्यातला थोरला नातू धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, एक मागायचं होतं." धाकट्याला जमिनीचे कागद दिसायला लागले. "ही फांदी टेकूवर किती दिवस टिकेल? म्हातारं झालंय झाड. याची काडी घेऊन नवं बांधायला शिकवाल?"

धाकट्यानं फांदीखालचा टेकू घट्ट केला. "बसून बांधायचंय की उभ्यानं?" त्यानं विचारलं.

जेवणं झाली, डबे धुतले गेले आणि परतताना तीन गाड्यांच्या पाच झाल्या.

ऊन उतरायच्या आत पाथरवट दगडासमोर उभा राहिला आणि डोकं खाजवायला लागला. "वर जागा नाही. बाबांच्या खाली लगेच आप्पा-तात्या कोरलेत, अगदी चिकटून. थोरली तर त्यांच्या आधीची. आता ही कुठं बसवू? कोपऱ्यात बारीक अक्षरांत घेऊ का?"

"कोपऱ्यात नाही," तीन-चार आवाज एकदम आले. त्यांत वकिलांचा होता.

आक्का दगडाजवळ गेली. हात नुसता खाली सोडला, तो कमरेपाशी दगडाला टेकला. "इथं," ती म्हणाली. "त्यानं बांधलं तिथं. मोठ्या अक्षरांत."

मोजणीबाईंनी पर्समधून टेप काढली. फाटकाजवळच्या झाडाचा सांधा मोजला, दगडावर तेवढ्याच उंचीवर खडूची रेघ मारली, डोळा बारीक करून पाहिलं आणि केसभर खाली घेतली.

"काय कोरू?"

"थोरली," वकिलांनी सांगितलं. "एवढंच. त्या वेळी सगळा गाव त्याच हाकेनं ओळखत असणार."

"आणि वन्सं?" वहिनी म्हणाल्या. सकाळी कुठल्याशा रकान्यात ठेवलेलं त्यांनी आत्ता बाहेर काढलं. "त्या कुठं आहेत?"

"ती? ती आहेच की—" वकिलांनी खिशातून दगडाची यादी काढून बोट पुढे केलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. बोट हवेतच राहिलं. मग ते पाथरवटाकडे वळले. "थोरलीच्या खाली 'मोजणीबाई' घ्या. आणि खाली जागा सोडा. भरपूर सोडा. मुली पुष्कळ आहेत आमच्याकडे."

मोजणीबाई टेप गुंडाळत राहिल्या. ती गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळत राहिल्या.

धाकटा आतून खुर्ची घेऊन आला. दाराजवळची नव्हे. बाबांचा तो उंच बाक कुणी वापरायचा नाही असा नियम होता, म्हणून त्याच्या शेजारची, जिच्यावर आप्पा बसायचे ती. दगडासमोर गवतावर ठेवली आणि हातानं पुसली.

"बसा आक्का."

आक्कानं खुर्चीकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "पुन्हा म्हण."

"बसा."

"अजून एकदा. आजीनं तीनदा म्हटलं होतं."

"बसा हो आक्का," या वेळी सगळेच म्हणाले.

पाथरवटानं पहिला घाव घातला. आक्का बसली. पाठ टेकून, पाय पुढे सोडून, ऐसपैस.